बस्ता : कापडाचा आणि नात्यांचा

(द्वितीय वर्ष, कला)

‘लग्न पाहावे करून आणि घर पाहावे बांधून’ अशी आपल्याकडे जुनी म्हण आहे. या दोन्ही कामांत माणसाची खरी परीक्षा होते. पण घर बांधताना हाताशी गवंडी असतो, सुतार असतो आणि हल्ली तर खेड्यातही नकाशा काढून देणारा इंजिनिअर मिळतो. लग्नाला असा कोणी मिळत नाही. त्यातही कपड्यांचा विषय घेतला, तर कोणत्या विधीला कोणी काय नेसायचे, कोणाला काय द्यायचे, ते किती दिवस आधी घ्यायचे आणि त्यावर किती पैसा घालायचा, याचा सगळा आराखडा घरातल्या एखाद्या बाईच्या डोक्यात असतो. तो कागदावर उतरलेला क्वचितच आढळतो. या आराखड्याप्रमाणे जे कापड खरेदी होते त्याला आपण ‘बस्ता’ म्हणतो. हा बस्ता कसा बांधतात आणि कसा बांधावा, हे समजावून सांगणे हा या लेखाचा हेतू आहे.

विषय किरकोळ वाटण्याचा संभव आहे. परंतु ज्यांची घरे पावसाच्या भरवशावर चालतात त्यांना तो किरकोळ नाही. मी माणदेशातली. आमच्याकडे बस्त्याचा अंदाज हुकला, तर पुढची दोन-तीन वर्षे ते घर वर डोके काढत नाही. आमच्या घराण्यात महाविद्यालयाची पायरी चढलेली मी पहिलीच. त्यामुळे गेल्या वर्षी ताईचे लग्न ठरले तेव्हा यादी लिहिण्याचे काम आपोआप माझ्याकडे आले. आई सांगत होती आणि मी लिहीत होते. आईला लिहिता-वाचता येत नाही. पण चार पाने भरली तेव्हा माझ्या लक्षात आले, की आमच्या अर्थशास्त्राच्या पुस्तकात ‘अंदाजपत्रक’ या प्रकरणात जे सांगितले आहे, त्यातले बरेचसे या बाईला कोणी न शिकवता येते.

शब्दाचा अर्थ

‘बस्ता’ हा शब्द मूळ फारसी असून त्याचा अर्थ ‘बांधलेले’ असा आहे. हिंदीत शाळेच्या दप्तरालाही बस्ताच म्हणतात. कापडाच्या दुकानात निवड संपली, की सगळे कापड एका मोठ्या चादरीत घालून गाठ मारतात, वर हळदकुंकू वाहून नारळ ठेवतात. म्हणून तो बस्ता. दोन्हीकडची वडीलधारी माणसे एकत्र बसून ही खरेदी करतात. त्यामुळे बस्ता बांधला म्हणजे लग्न पक्के झाले, असे आमच्याकडे समजतात. रीत मात्र जिल्ह्याजिल्ह्यात आणि समाजासमाजात वेगळी आहे. मी पुढे जे सांगते आहे ते मुख्यतः आमच्या भागातले.

बस्त्याचे चार भाग

आईने यादी सांगताना पहिल्याच दिवशी तिचे चार भाग पाडले : अंगावरचे, मानाचे, रीतीचे आणि घरचे. ही विभागणी इतकी सोयीची आहे, की मी तीच येथे वापरते.

पहिला भाग अंगावरचा, म्हणजे प्रत्यक्ष नवरानवरीच्या अंगावर चढणारा. साखरपुडा, हळद, अक्षता, पाठवणी आणि त्यानंतरची पूजा अशा क्रमाने कपडे ठरतात. आमच्याकडे नवरीचे लग्नातले कपडे वरपक्ष घेतो आणि नवरदेवाचा पोशाख वधूपक्ष घेतो. मुलीला सासरी जाताना माहेरच्या चार-पाच साड्या द्यायच्या असतात, त्याही याच भागात येतात.

यातील प्रत्येक कपड्यामागे काही कारण असते. हळदीला पिवळेच का, याचे कारण केवळ शुभशकुन नव्हे. हळदीचा डाग कापडावरून सहजी जात नाही. त्यातच साबण लावला तर तो लाल होतो, कारण हळद क्षारधर्मी पदार्थाशी लाल रंग देते. शाळेतल्या प्रयोगात आपण हे पाहिलेले आहे. म्हणून हळदीचे कपडे आधी साध्या पाण्यात खळबळून कडक उन्हात वाळवावेत. उन्हाने हळदीचा रंग फिका पडतो. ही गोष्ट आमच्या आजीला प्रयोगशाळा न पाहता माहीत आहे. हळदीला नवरीजवळ बसणाऱ्या बायकांनीही चांगली साडी नेसू नये, असे ती आधीच बजावते.

अक्षतांच्या वेळचा शालू भरजरी असतो, आणि आमच्याकडची बरीचशी लग्ने चैत्र-वैशाखाच्या भर दुपारी लागतात. त्यामुळे साडी किती सुंदर आहे यापेक्षा ती अंगावर घेऊन चार तास उभे राहता येईल का, हा प्रश्न आधी विचारावा. पैठणी घ्यायची असेल तर आणखी काळजी हवी. पैठणी हे नाव गोदावरीकाठच्या पैठणचे. आज तिचे मोठे केंद्र नाशिक जिल्ह्यातील येवला हे आहे. हातमागावरची खरी पैठणी विणायला काही आठवड्यांपासून काही महिन्यांपर्यंत वेळ लागतो. तेव्हा मनासारखा रंग आणि नक्षी हवी असेल तर मागणी फार आधी नोंदवावी लागते. दुकानात ‘सेमी पैठणी’ म्हणून जी स्वस्त मिळते ती यंत्रमागाची. ओळखायची खूण सोपी आहे. खऱ्या पैठणीच्या पदरावरचे मोर-पोपट उलट्या बाजूनेही सुलट्यासारखेच नीट दिसतात, आणि यंत्रमागाच्या पदरामागे बहुधा सुटे धागे लोंबत असतात. सेमी पैठणी घेण्यात कमीपणा नाही. मात्र खरीचा भाव देऊन ती घेऊ नये.

दुसरा भाग मानाचा. यात ज्यांचा हक्क रीतीने ठरलेला आहे अशी माणसे येतात : वरमाई, दोन्हीकडच्या आज्या, मामा-मामी, आत्या, करवली, पाठराखीण. यातल्या काही वस्त्रांना स्वतंत्र नावे आहेत. आजीला द्यायच्या लुगड्याला ‘आजेचीर’ म्हणतात, आणि नवरीच्या आईला वरपक्षाकडून मिळते ते ‘पोटझाकण’. पोटझाकण हा शब्द मी आजीच्या तोंडून पहिल्यांदा ऐकला, तेव्हा थोडा वेळ काही बोलू शकले नाही. जिने नऊ महिने पोटात वाढवले तिची मुलगी नेताना तिच्या पोटावर झाकायला एक वस्त्र द्यायचे, असा मला त्याचा भाव वाटला. शब्द आता मागे पडला. साडी मात्र अजून दिली जाते.

आजेचीर घेताना एक व्यावहारिक अडचण येते. आमच्या आज्या नऊवारी नेसतात. नऊ वार म्हणजे सुमारे सव्वाआठ मीटर. सहावारी साडी साडेपाच मीटरची. आमचा मुलूख कर्नाटकाच्या सीमेजवळचा, त्यामुळे आज्यांना लागते ते इरकली लुगडे. बागलकोट जिल्ह्यातील इळकल गावावरून त्याला हे नाव पडले. या लुगड्याच्या अंगाचा ताणा आणि पदराचा ताणा वेगवेगळा असतो आणि दोन्ही फासे घालून जोडतात; त्यामुळे पदराच्या सुरुवातीला तो जोड हाताला लागतो. त्याच जिल्ह्यातील गुळेदगुड्डचा खण चोळीसाठी प्रसिद्ध आहे. सहावारी साड्यांचे ढीग असणाऱ्या दुकानात असे लुगडे आयत्या वेळी मिळेलच असे नाही. दुकानदाराला पंधरा दिवस आधी सांगून ठेवावे.

मानाच्या भागाचा सर्वांत महत्त्वाचा नियम म्हणजे समान नात्याला समान किंमत. दोन आत्या असतील तर दोघींच्या साडीत दहा रुपयांचाही फरक नको. रंग निराळे चालतील, पोत निराळा चालणार नाही. लग्नघरातले निम्मे रुसवे-फुगवे या एका नियमाकडे दुर्लक्ष झाल्याने होतात, असे आईचे मत आहे. ती अशा साड्या एकाच गठ्ठ्यातून काढायला लावते.

तिसरा भाग रीतीचा, म्हणजे सरसकट आहेराचा. भावकी, शेजार, गावकी, पाहुण्यांचे पाहुणे. पुरुषाला टॉवेल-टोपी, बाईला साधी साडी किंवा खण. येथे आधार असतो तो आहेराच्या वहीचा. आपल्या घरच्या मागच्या लग्नात कोणी काय आणले आणि त्यांच्या लग्नात आपण काय नेले, हे पाहून देणे ठरते.

चौथा भाग घरचा. तो सर्वांच्या शेवटी येतो, आणि त्यातही आईची साडी शेवटची असते. मी पुष्कळ घरांत पाहिले आहे, की पैसे सरत आले म्हणजे जी वस्तू यादीतून खोडली जाते ती हीच.

तारखेपासून मागे मोजणे

बस्त्याची वेळ ठरवण्याची आईची रीत अशी, की ती आजपासून पुढे मोजत नाही, लग्नाच्या तारखेपासून मागे मोजते. लग्न वैशाखात असेल, तर सर्व कपडे शिवून, घालून पाहून, घडी करून आठ दिवस आधी पेटीत गेले पाहिजेत. म्हणजे घालून पाहणे पंधरा दिवस आधी. म्हणजे शिंप्याकडे कापड त्याआधी निदान तीन आठवडे. आमच्या गावचा शिंपी गुढीपाडव्यानंतर नवे काम घेत नाही, म्हणजे त्याआधीच. तेव्हा बस्ता फाल्गुनात बांधला पाहिजे, आणि यादी माघात तयार हवी.

मधली कामेही क्रमाने करावी लागतात. साडीला जोडून आलेला ब्लाऊजपीस आधी कापून घ्यावा आणि मगच फॉल-पिकोला द्यावे. फॉलची पट्टी आणि ब्लाऊजचे अस्तर सुती असेल तर रात्रभर पाण्यात भिजवून, वाळवून मग लावावे. नाहीतर पहिल्याच धुण्यात ते आटते, साडीचा काठ आखडतो आणि ब्लाऊज अंगात जात नाही. लहान मुलांचे कपडे सर्वांत शेवटी घ्यावेत, कारण दोन महिन्यांत मुले वाढतात. वैशाखात त्यांना चमकदार नायलॉन न घालता सुती घालावे.

आणखी एक गोष्ट. शिवताना आतल्या बाजूला जे जास्तीचे कापड सोडतात त्याला शिंपी ‘माया’ म्हणतात. नवरीच्या ब्लाऊजला दोन बोटे माया ठेवायला सांगावे. लग्नानंतर तोच ब्लाऊज उसवून मोठा करता येतो. ही माया केवळ कपड्यात नव्हे, यादीतही ठेवावी लागते. त्याविषयी पुढे सांगते.

आधी आकडा, मग कापड

आता पैशाचे. आमच्या बस्त्याचा आकडा ७०,००० रुपये ठरला होता. डाळिंबाचे आलेले पैसे आणि दोन शेळ्या विकून आलेली रक्कम मिळून तेवढे होत होते, म्हणून तेवढाच. दुकानाची पायरी चढण्यापूर्वी आईने तो चार भागांत वाटला. वहीतील पहिली मांडणी अशी होती : अंगावरचे १८,००० (नवरदेवाचा पोशाख १२,००० आणि ताईच्या ५ साड्या ६,०००). मानाचे २१,००० (१४ साड्या प्रत्येकी ९०० आणि १२ पुरुषांचे कापड प्रत्येकी ७००). रीतीचे १८,००० (४० साड्या प्रत्येकी ३०० आणि ६० टॉवेल-टोप्या प्रत्येकी १००). घरच्या पाच माणसांचे ६,०००. शिलाई व फॉल ५,०००. आणि २,००० रुपये कोणत्याच नावावर नाहीत, ती माया. ऐन वेळी कोणीतरी विसरलेले माणूस आठवतेच, त्याच्यासाठी.

नाना, म्हणजे माझे चुलते, म्हणाले, ‘‘आधी दुकानात जाऊन भाव तर बघूया, मग आकडा ठरवू.’’ त्यावर आई म्हणाली, ‘‘कापड बघून आकडा ठरवला, की त्यो आकडा आपला ऱ्हात न्हाई भावजी, दुकानदाराचा हुतो.’’

तिचे म्हणणे मला दुकानात पटले. बस्त्याच्या दुकानात पांढऱ्याशुभ्र गादीवर बसवतात, चहा येतो, दुपारचे जेवणही मिळते. तीस माणसे टेम्पोतून आलेली, जेवलेली, सुस्तावलेली. विक्रेता आधी अडीच हजारांची साडी अंगावर टाकून दाखवतो; त्यानंतर बाराशेची साडी डोळ्यांना फिकी वाटू लागते. व्याह्यांसमोर ‘यापेक्षा कमीतली दाखवा’ म्हणायला जीभ रेटत नाही. यात दुकानदाराचा दोष नाही, तो त्याचा धंदा करतो. आपण मात्र तीन गोष्टी कराव्यात. नवरीची मुहूर्ताची साडी आधी घ्यावी, म्हणजे मने प्रसन्न होतात. त्यानंतर मानाचे आणि रीतीचे उरकावे. त्यात किंमत आधी सांगावी आणि कापड नंतर पाहावे. आणि प्रत्येक भाग संपला की बेरीज करून ती मोठ्याने वाचावी. बेरीज वाचण्याचे काम माझे होते. एका मुलीने भर दुकानात आकडे वाचावेत हे काहींना रुचले नाही. पण तिसऱ्या वाचनानंतर व्याह्यांकडचे एक आजोबा आपल्या मुलाला म्हणाले, ‘‘आपली बी बेरीज कुणीतरी लिवा रं.’’

फिरत्या साड्यांचा प्रश्न

खरा वाद झाला तो मात्र दुकानात नव्हे, त्याआधी घरी. तो रीतीच्या ४० साड्यांवरून. तीनशे रुपयांची ती साडी घेणारीही नेसत नाही आणि देणारीलाही ते ठाऊक असते. ती ट्रंकेत पडते, पुढच्या लग्नात दुसरीला जाते, तिथून तिसरीला. आमच्या ट्रंकेत अशा अकरा साड्या निघाल्या. त्यांतली एक आम्हीच कोणाला तरी दिलेली होती आणि फिरून आमच्याकडेच आली होती! टोप्यांचेही तसेच. तरुण मुले टोपी घालत नाहीत. मांडवातच खुर्चीवर ठेवून जातात.

आईने ठरवले, की ज्या बायकांनी पापड-शेवयांपासून हळद दळण्यापर्यंत प्रत्यक्ष हातभार लावला त्या १८ जणींनाच द्यायचे. पण रोज नेसता येईल अशी सुती साडी, ४५० रुपयांची. पुरुषांना टोपी नको, फक्त साठ रुपयांचा चांगला टॉवेल. हिशेब केला तर साड्यांचे १२,००० ऐवजी ८,१०० झाले आणि टॉवेल-टोप्यांचे ६,००० ऐवजी ३,६००. म्हणजे ६,३०० रुपये वाचले.

नाना रागावले. भावकीत नाव जाईल, लोक काय म्हणतील, असे ते म्हणाले. त्यांचा राग अगदीच अस्थानी होता असे मी म्हणणार नाही. गावात माणूस एकटा जगत नाही. आहेर हे नाते मान्य असल्याची खूण आहे आणि ती खूण काढून घेतली तर समोरच्याला लागते. आई शांतपणे एवढेच म्हणाली, ‘‘लोकं जेवून जात्यात, व्याज आपल्यापाशी ऱ्हातं.’’ शेवटी तिचेच झाले. एक चुलत आत्या मात्र खरोखरच रुसली आणि पाठवणीला थांबली नाही. चौथ्या दिवशी आई तिच्या घरी गेली, मायेच्या दोन हजारांतून घेऊन ठेवलेली साडी तिला नेसवली आणि दोघी चहा पिऊन परत हसू लागल्या. यादीत माया का ठेवायची, हे मला तेव्हा समजले.

इतिहास आणि कायदा काय सांगतात

हा प्रश्न आमच्याच घरचा आहे असे नाही, आजकालचा तर नाहीच नाही. महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ साली पुण्यात सत्यशोधक समाज स्थापन केला आणि त्याच वर्षी कमी खर्चाची, साधी सत्यशोधक विवाहपद्धती सुरू केली. लग्नाच्या खर्चातून शेतकरी सुटावा, हा विचार त्यामागे होता. पुढे दोनच वर्षांनी, १२ मे १८७५ रोजी, पुणे जिल्ह्यातील सुपे गावी शेतकऱ्यांनी सावकारांचे कर्जरोखे हिसकावून जाळले. ‘दख्खनचे दंगे’ म्हणून आपण ते अभ्यासतो. त्याची चौकशी करणाऱ्या आयोगाने शेतकऱ्याच्या कर्जाची कारणे तपासली. शेतकरी लग्नात उधळपट्टी करतो म्हणून कर्जबाजारी होतो, असे तेव्हाही सर्रास बोलले जाई. परंतु या कारणाला अवास्तव महत्त्व दिले जाते, असे आयोगाने नमूद केले. असे प्रसंग आयुष्यात क्वचित येतात आणि वर्षांच्या हिशेबात तो खर्च फार अवाजवी ठरत नाही, असे त्याचे म्हणणे होते.

मला आयोगाचे हे म्हणणे महत्त्वाचे वाटते. गरिबाने लेकीच्या लग्नात दोन चांगल्या साड्या घेतल्या की शहाणी माणसे त्याला उधळ्या म्हणून मोकळी होतात. शेतमालाचा भाव, पाऊस, व्याजाचा दर यांकडे पाहत नाहीत. परंतु दुसरी बाजूही आहे. खर्च क्वचित येतो, पण येतो तो एकाच महिन्यात, एकाच गठ्ठ्याने. तेवढी रक्कम हाताशी नसली की माणूस व्याजाच्या दारात जातो, आणि मग तो क्वचितचा खर्च वर्षानुवर्षांचा होतो. म्हणून खर्च किती, यापेक्षा तो कोणत्या पैशातून, हा प्रश्न मोठा आहे. बस्ता व्याजाच्या पैशाने बांधायचा नाही, हा आईचा नियम मला या सर्व वाचनानंतर अधिक पटला.

कायद्याचेही एक कलम सांगण्यासारखे आहे. हुंडा प्रतिबंधक कायदा १९६१ चा. त्याखाली १९८५ साली जे नियम झाले त्यांत लग्नात नवरानवरीला मिळालेल्या भेटींची यादी करावी, असे सांगितले आहे. वस्तूचे थोडक्यात वर्णन, अंदाजे किंमत, देणाऱ्याचे नाव आणि त्याचे नाते, एवढे लिहून त्यावर दोघांच्या सह्या घ्यायच्या. किती लग्नांत हे होत असेल? वास्तविक आहेराची वही आपल्याकडे असतेच. तिच्यात दोन रकाने वाढवले की काम भागते. स्वखुशीने दिलेले कोणते आणि मागून घेतलेले कोणते, हे उद्या कोणी विचारले तर लिहिलेल्या कागदाचा मुलीला आधार होतो. ताईच्या वेळी अशी यादी आम्ही केली. सही करताना भाऊजी हसले, पण त्यांनी सही केली.

२०२० साली करोनाच्या साथीत लग्नाला ५० माणसांची मर्यादा आली आणि एप्रिल २०२१ मध्ये आपल्या राज्यात ती २५ वर आली. त्या काळात आमच्या गावात बस्त्याशिवाय, घरातल्याच ठेवणीतल्या साडीवर लग्ने लागली. ते संसार आज नीट चालले आहेत. बंधने उठल्यावर मात्र लोक पुन्हा जुन्या यादीकडे वळले, एवढेच नव्हे तर हळदीला सगळ्यांनी एका रंगाचे कपडे घालणे हा नवा खर्च तिच्यात आला. तेव्हा बस्ता बंद होईल असे मला वाटत नाही. तो जाणून बांधावा, एवढेच आपल्या हाती आहे.

आपल्यासाठी

मित्रमैत्रिणींनो, हे सर्व लग्नापुरतेच आहे असे समजू नका. आपल्या स्नेहसंमेलनात पारंपरिक वेशभूषेचा दिवस असतो. त्याच्या आदल्या रात्री वसतिगृहात नऊवारीसाठी जी धावपळ होते ती आपण सर्वांनी पाहिली आहे. तेथेही हीच रीत लागू पडते. आधी आकडा ठरवावा. तो शून्यही असू शकतो, कारण आईची वा आजीची साडी असतेच. तारखेपासून मागे मोजावे. उसन्या साडीवरचा ब्लाऊज आठ दिवस आधी घालून पाहावा. नऊवारी नेसून एकदा जिना चढून-उतरून पाहावा. परत देताना साडी हवेशीर वाळवून, घडी मोडून नवी घडी घालून द्यावी, म्हणजे ती जुन्या घडीवर चिरत नाही.

आणि आपल्यापैकी जे माझ्यासारखे घरातले पहिले शिकणारे आहेत त्यांना एक विनंती आहे. घरात पुढचे लग्न ठरेल तेव्हा यादीचे काम मागून घ्या. वही घ्या, चार भाग पाडा, वर आकडा लिहा आणि आई-आजी सांगतील ते त्यांच्याच शब्दांत उतरवा. आजेचीर, पोटझाकण, माया हे शब्द आणि त्यांमागचा हिशेब त्यांच्याबरोबर संपून जाऊ नये. आपल्या शिक्षणाचा घराला उपयोग काय, असे आपल्याला वारंवार विचारले जाते. त्याचे एक छोटेसे उत्तर त्या वहीत मिळेल.

वाचलेल्या ६,३०० रुपयांतून माझी परीक्षा फी आणि मेसची थकबाकी भरली गेली. आमच्या वहीच्या शेवटच्या पानावर आईने माझ्याकडून एक ओळ लिहून घेतली आहे : ‘पुढच्या लग्नात टॉवेलसुद्धा नाहीत.’ पुढचे लग्न माझे की धाकट्या भावाचे, हे तिने सांगितलेले नाही. मात्र माझी पदवी हाती येईपर्यंत ती वही उघडायची नाही, एवढे आमच्या घरात ठरले आहे. आणि ठरवले त्या दिवशी नानाही समोर बसलेले होते.